मांजरांच्या कमी फीच्या दवाखान्यासाठी देणग्या टिकवायच्या कशा?

मनीमाऊ: आम्ही काही जण मिळून मांजरांसाठी कमी फीचा दवाखाना चालवतो, डॉक्टर आणि एक मदतनीस पगारी, बाकी सगळे जमेल तसे येणारे. जखमी पिल्लाचा फोटो टाकला की बघता बघता गरजेपेक्षा जास्त पैसे जमतात, पण नसबंदी, लाईट बिल, पगार यासाठी मागितलं की लोक लाईक करून पुढे. वर एकाने विचारलं की त्या पिल्लाचे उरलेले पैसे गेले कुठे, आणि प्रश्न रास्तच आहे म्हणा. फी वाढवली तर ज्यांच्यासाठी हे सुरू केलं तेच यायचे बंद होतील. कोणी वर्षानुवर्षं असं काम चालवलंय का? सारखा हात पसरायचा कंटाळा आलाय.

खवट: देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. उठसूट रक्ताळलेलं मांजर दाखवलंत तर मी ग्रुप म्यूट करणार, सरळ सांगतो. मी एका ठिकाणी दर महिन्याला देतो, रक्कम फार नाही, बँकेतून आपोआप जाते. का देतो, तर ते महिनाअखेरीला चार ओळी टाकतात, आले किती, गेले किती, किती मांजरं बरी झाली आणि किती दगावली. दगावलेल्यांचा आकडा कुणीच सांगत नाही हो, हे सांगतात म्हणून विश्वास बसला.

टाकेवाली: मी प्राण्यांची डॉक्टर. नसबंदीला पैसे मिळत नाहीत कारण तिचा फायदा फोटोत दिसत नाही. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, गाभणकाळ जेमतेम नऊ आठवडे, आणि आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहू शकते. म्हणजे आज एक ऑपरेशन टळलं की पुढे वर्षभर तुमच्याच दारात पिल्लांची खोकी येणार आणि मग त्यांच्यासाठी अपील! हे गणित लोकांना दाखवा. आणि साफसफाईचा खर्च लपवू नका. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचा विषाणू जमिनीवर, पिंजऱ्यात वर्षभरसुद्धा तग धरतो, फिनेलने तो जात नाही, उलट फिनेल मांजरांनाच विषारी. ब्लीच नीट पातळ करून वापरावं लागतं, आजारी पिल्लांचे पिंजरे, भांडी, हातमोजे सगळं वेगळं ठेवावं लागतं. एवढं लिहिलंत तर "बाकी खर्च" म्हणजे काय ते लोकांना कळेल. बोक्याची लघवी अडकली तर एकदोन दिवसातसुद्धा जीव जाऊ शकतो, तो रात्री आला तर तेव्हा अपील लिहीत बसणार का? त्यासाठी पैसे आधीच बाजूला हवेत.

जमाखर्च: एका ट्रस्टचे हिशेब बघतो. एका मांजराच्या नावाने मागितलेले पैसे त्याच मांजराचे, ते परस्पर पगाराला वळवले की बोंब होणारच. अपीलमध्येच एक ओळ घाला की याचा उपचार भागून उरलं तर इतर मांजरांच्या उपचाराला वापरू, आणि मग खरंच तिथेच वापरा. नियमित खर्चासाठी मासिक वर्गणीदार जमवा, रक्कम छोटी चालेल पण माणसं जास्त हवीत, एकाच मोठ्या देणगीदारावर दवाखाना टेकला तर तो रुसला की कुलूप. निदान काही महिन्यांचा पगार राखीव ठेवा.

लंडनमध्ये मारिया डिकिन यांनी १९१७ साली गरिबांच्या प्राण्यांसाठी तळघरात मोफत दवाखाना काढला, तीच पुढे पीडीएसए संस्था झाली आणि ती अजून चालू आहे. त्यांच्याकडे लोक मृत्युपत्रात पैसे ठेवून जातात, जुन्या वस्तूंची दुकानंसुद्धा आहेत. तुम्हाला लगेच मृत्युपत्र वगैरे नाही जमणार, पण पैसा चार वाटांनी यायला हवा हे तर खरं ना.

मनीमाऊ: वर्गणीचं लगेच मनावर घेते, महिन्याचा हिशेबही टाकू, दगावलेल्यांसकट. एकच विचारायचं राहिलं, परवडणारे लोकपण कमी फी देऊन जातात, त्यांना पुरावा मागायचा का? ऑकवर्ड होतं हो.

जमाखर्च: पीडीएसए मागते, सरकारी मदत मिळत असल्याचा वगैरे. छोट्या ठिकाणी काउंटरवर दोन आकडे लिहा, प्रत्यक्ष खर्च इतका आणि आम्ही घेतो इतके. परवडणारे बरेच जण स्वतःहून वरचा भरतात. जे नाही भरणार ते पुरावा मागितलात तरी काहीतरी कागद आणतीलच.

टाकेवाली: फक्त नसबंदीला कागद मागू नका, चारचाकीवाल्याची भाटी असली तरी करून टाका.