क्षयरुग्णाची कहाणी वर्गात कशी वापरावी?

परिचर्या_ट्यूटर
नर्सिंगचा ६० जणांचा वर्ग, तास एकच. औषध मध्येच सोडलेल्या रुग्णाची कहाणी सांगितली की मुलं हळहळतात. वॉर्डात गेली की मात्र रुग्णाला दरडावून विचारतात, "गोळ्या का बुडवल्या?" कहाणी कुठे थांबवावी? रुग्णाला वर्गात बोलवावं की रेकॉर्डिंग बरं?

पीएसएम_शिक्षक
कहाणी शेवटपर्यंत सांगून टाकली की हळहळीपलीकडे काही उरत नाही. रुग्ण जिथे निर्णय घेतो, तिथेच थांबवा. सहा-सात मिनिटांच्या ऑडिओत अशा दोन जागा पुरतात.

पहिली जागा पहिल्या आठवड्यातली. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधामुळे लघवी लालसर-नारिंगी होते, हे कोणी सांगितलेलं नसतं. रुग्णाला वाटतं, रक्त जातंय. दुसरी जागा दोन महिन्यांनंतरची. खोकला गेला, भूक लागली, आणि गोळ्या आणायला जायचं म्हणजे रोजंदारी बुडणार. पुढचे चार महिने गोळ्या कशासाठी घ्यायच्या, हे त्याला कळलेलं नाही.

थांबवल्यावर लगेच चर्चा नको, हुशार चौघंच बोलतात. तीन मिनिटं प्रत्येकाला लिहू द्या: "या क्षणी त्याला काय माहीत आहे, आणि काय कोणीच सांगितलेलं नाही?" मग सहा-सहाचे गट. "त्याचं काय चुकलं?" असं चुकूनही विचारू नका, वर्ग तिथेच न्यायनिवाडा करायला बसतो. शेवटी प्रत्येक गटाने त्या क्षणी रुग्णाला सांगायची दोन वाक्यं बोलून दाखवायची, साध्या मराठीत. 'अनुपालन' (गोळ्या नियमित घेणं) असा जड शब्द आला की पुन्हा बोलायला लावा.

एमबीबीएसला २०१९ पासून एटकॉममध्ये (वृत्ती, नैतिकता आणि संवाद शिकवणारा अभ्यासक्रम) 'रुग्ण असणं म्हणजे काय' हे पहिल्याच वर्षी शिकवतात. हीच पद्धत तिथेही चालते.

क्षयरोग_समुपदेशक
सरांच्या म्हणण्यात एक भर. रेकॉर्डिंग कधीचं आहे ते आधी तपासा. २०१७ च्या आधीच्या कहाणीत एक दिवसाआड गोळ्या येतात, आता त्या रोज असतात. निक्षय पोषण या सरकारी योजनेतून क्षयरुग्णाला आहारासाठी मिळणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. मुलांच्या लक्षात कहाणी राहते, फळ्यावरची दुरुस्ती राहत नाही. म्हणून जुना तपशील ऐकवण्याआधीच काढा.

प्रत्यक्ष बोलवायचं तर उपचार पूर्ण झालेल्या व्यक्तीलाच. बसभाडं आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात द्या. संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी मागू नये, त्यांना नाही म्हणणं रुग्णाला जड जातं. बोलणं, रेकॉर्ड करणं आणि पुढच्या बॅचला ऐकवणं या तिन्हींची संमती वेगवेगळी घ्या, मराठीत वाचून दाखवून.

परिचर्या_ट्यूटर
नाव बदललं की पुरे ना?

क्षयरोग_समुपदेशक
नाही, ताई. गाव, कारखाना, "तीन मुलींचा बाप" एवढ्यावरूनही त्याच तालुक्यातली विद्यार्थिनी माणूस ओळखते. वय पाच-सात वर्षांनी हलवा, गाव काढा, कामाचा प्रकार तेवढा ठेवा, कारण मजुरी बुडणं हा कहाणीचा गाभा आहे. सोबत एचआयव्ही असेल तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे लेखी संमतीशिवाय तो उल्लेख करताच येत नाही. शिकवण्याचा मुद्दा तो नसेल, तर संमती असली तरी तो भाग वगळाच.