रविवारी विश्रांती घ्यायची म्हणजे नक्की काय काय बंद ठेवायचं?

शाहूपुरीची_सून
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. ह्यांची नोकरी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, मी शाळेत. दोघांनी मिळून ठरवलंय की आठवड्यातला एक दिवस खरंच विश्रांतीचा ठेवायचा, नुसतं उपासनेला जाऊन आलो की झालं असं नको. पण आमचा रविवार म्हणजे सकाळी चर्च, येताना मटणाच्या दुकानात लाईन, मग तांबडा-पांढरा, त्यात कोणतरी पाहुणे असतातच, दुपारी आठवड्याचे कपडे, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना आणि रात्री वह्या तपासायच्या. सोमवारी मी शनिवारपेक्षा जास्त दमलेली असते. ह्यांना मधेच रविवारी पण कामावर बोलवतात. जी जोडपी ठरवून पाळतात त्यांनी सांगा ना, काय बंद करता, काय चालतं? आणि सासूबाईंना कसं सांगायचं ते पण.

रंकाळ्याचे_काका
सगळा खेळ शनिवारच्या तयारीचा आहे. बायबलमधलं निर्गम १६ वाचा, सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे देवानं रानात दिलेलं अन्न, दुप्पट गोळा करायचा, सातव्या दिवशी जे गोळा करायला गेले ते रिकाम्या हातानं परत आले. आम्ही बाजार, इस्त्री, गाडीत पेट्रोल सगळं शनिवारी उरकतो. यहुदी लोकांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो, त्यावरून आम्ही शनिवारी दिवेलागणीपासून रविवारी दिवेलागणीपर्यंत धरतो, म्हणजे रविवारी रात्री तुमच्या वह्या पण होतील. तांबडा शनिवारीच करून ठेवा, मुरला की अजून भारी लागतो, पांढरा मात्र ठेवू नका, परत उकळला की नारळाचं दूध फाटतं.

वचन_बघा
कलस्सैकरांस २:१६ बघा, शब्बाथावरून कुणी तुमचा न्याय करू नये. आणि रविवार हा मुळात शब्बाथ नाहीच, तो येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, रविवारी काम बंद हा हुकूम रोमी सम्राट कॉन्स्टंटाईनचा, इसवी सन ३२१ चा. काय चालतं काय नाही याच्या याद्या करत बसलात तर परूशी व्हाल, नुसते नियमांवर बोट ठेवणारे.

वॉर्डातली_ताई
दादा, ती न्याय नाही मागत, ती दमलीय. शब्बाथ माणसासाठी झाला, हे मार्क २:२७ मध्ये येशूनंच सांगितलंय की.
आणि निर्गम २०:१० नीट वाचा. तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका, सगळ्यांना सुट्टी, बैलाला पण! बायको कुठाय? एकतर ती त्या ‘तू’ मध्ये धरलीय, नाहीतर त्या दिवशी पण चुलीपुढंच. मी पहिलं मानते. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात ५ व्या अध्यायात तर कारणच दिलंय, तुम्ही मिसरात गुलाम होता हे आठवा आणि दासदासींना तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. त्यामुळं शनिवारी दुप्पट स्वयंपाक जर एकटीनंच करायचा असेल तर काय उपयोग, रविवार वाचला आणि शनिवारी बाई मेली. काका, तुमच्यात तांबडा कोण करतं?
मी नर्स आहे, रविवारी ड्युटी लागतेच, पेशंटला काय सांगणार. रोस्टर आलं की त्याच दिवशी आम्ही दोघं बसून आमचा वार ठरवतो, मग तो बुधवार का असेना. ठरवला नाही की तो दिवस लाईटबिल आणि बँकेतच जातो.

रंकाळ्याचे_काका
मटण आणतो, कांदा-लसूण सोलून देतो. बाकी हीच करते. बरं, पोचला मुद्दा.

उद्यमनगरकर
सुट्टीच्या दिवशी बोलवतात त्यावर: महिन्याच्या सुरुवातीलाच सुपरवायझरशी बोलून घ्या, की बोलवायचंच असेल तर आदल्या दिवशी सांगा आणि बदली सुट्टी द्या. लाजायचं काय त्यात, नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडून १८९० साली ही रविवारची सुट्टी मिळवलीय, फुकट नाही आलेली. आणि शाळेचा ग्रुप म्यूट करा वैनी, तिथं रविवारी पण कायबाय माहिती मागवत असतात.

शाहूपुरीची_सून
ताई, ती यादी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या मग मी पण ‘तू’ मध्येच की, मी पण काही करणार नाही. झालं! आता शनिवारी तिघं मिळून करणार, रविवारी दुपारी साधा आमटी-भात, भांडी ह्यांच्याकडं, कपडे शुक्रवारी रात्री मशीनला. राहिले पाहुणे. त्यांचं काय करता ते सांगा, कारण येत्या रविवारी चुलतसासरे येतायत आणि त्यांना पांढरा लागतोच.