आधी नेमका निर्णय कोणाचा, हे ठरवावे
वंचितांच्या मागण्यांसाठी मोर्चा आधी काढावा की अधिकाऱ्यांची भेट आधी घ्यावी, अशी चर्चा कार्यकर्त्यांमध्ये होते. तीत मला एक मुद्दा जोडावासा वाटतो. त्याही अगोदर, आपल्याला हवा असलेला बदल नेमका कोणत्या पातळीवर अडला आहे, हे शोधणे आवश्यक आहे. कायदाच नसणे, कायदा असून नियम न होणे, नियम असून निधीची तरतूद नसणे आणि तरतूद असूनही ती लोकांपर्यंत न पोहोचणे, या चार वेगळ्या अडचणी आहेत आणि प्रत्येकीवर निर्णय घेणारी व्यक्ती वेगळी असते. ‘वंचितांना न्याय द्या’ अशा मागणीला कोणीही नकार देत नाही आणि म्हणूनच त्यातून काही घडत नाही.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने (मजूर व शेतकऱ्यांच्या संघटनेने) १९९४ पासून जनसुनवाया, म्हणजे गावात जाहीर सुनावण्या, घेतल्या, त्यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर वाचली गेली आणि ज्यांच्या नावे मजुरी दाखवली होती, त्यांनीच उभे राहून खरे काय ते सांगितले. मागणी साधी व नेमकी होती: कागदपत्रांच्या प्रती द्या. त्यातूनच वाढलेल्या चळवळीचा २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामागे मोठा वाटा आहे.

मागण्यांचा मसुदाही ज्यांच्यासाठी मागणी आहे, त्याच लोकांसोबत बसून करावा. कोणती तडजोड चालेल आणि कोणती मुळीच नाही, हे ठरवण्याचा अधिकार परिणाम भोगणाऱ्यांचाच असला पाहिजे. कार्यकर्त्यांनी तो परस्पर वापरू नये. अंदाजपत्रकाशी संबंधित मागणी मात्र ते तयार होत असतानाच पोहोचवावी.