हायस्कूलचा जीपीए २.६. डीॲन्झातून पुढे यूसीला जाता येतं का?

फ्रीमाँटची आई
मुलाचं हायस्कूल जूनमध्ये संपलं. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, २.६. अकरावीत त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. का, ते इथे लिहीत नाही. यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, निदान ३.० लागतो, म्हणून अर्जच केला नाही. आता स्वतःहून म्हणतोय, डीॲन्झा या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढतो आणि स्टॅटिस्टिक्ससाठी यूसीत ट्रान्सफर घेतो. त्याच्या बाबांना पटत नाही. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की मी नुसतं "डीॲन्झा" म्हणते आणि 'कम्युनिटी' हा शब्द गिळते. अशी ट्रान्सफर खरंच मिळते का, की हे मार्क त्याची पाठ सोडणार नाहीत?

टू पॉइंट फोर
काकू, माझा २.४ होता, नाव त्यावरूनच. ज्युनिअर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, ट्रान्सफर घेणाऱ्याचे हायस्कूलचे ग्रेड यूसी निवडीत धरत नाही, कॉलेजातले धरते. एसएटीही नाही. ९० क्वार्टर युनिट्स, म्हणजे क्रेडिट्स, व्हायला हवीत.

पण पाटी कोरी असली की पहिला ओरखडाही उठून दिसतो. डीॲन्झाचा क्वार्टर १२ आठवड्यांचा. वर्गातल्यांची नावं कळेपर्यंत मिडटर्म येते. मी 'हे तर सोपं कॉलेज' म्हणत पहिल्याच क्वार्टरला भरमसाठ क्लास घेतले आणि फिजिक्समध्ये डी आणला. डी आला तर क्लास पुन्हा करता येतो, यूसी नवा ग्रेड धरते. वेळ मात्र गेला तो गेलाच.

दुसरा गाढवपणा याहून मोठा. 'असिस्ट' नावाची साइट आहे. आपलं कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि विषय टाकला की इथला कुठला क्लास तिथल्या कशाच्या जागी चालतो ते दिसतं. मी ती उघडलीच नाही. बिझनेसवाला कॅल्क्युलस घेतला, कारण तो सकाळी ११ला होता आणि दुसरा साडेसातला! स्टॅटिस्टिक्सला तो चालला नाही. अख्खा उन्हाळा खरा कॅल्क्युलस पहिल्यापासून करण्यात गेला. मुलाला आजच ते पान उघडायला सांगा. नुसतं सांगू नका, शेजारी बसा.

शिवाय टॅग, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ हे यूसीचे सहा कॅम्पस देतात. त्यातल्या एकाचाच भरता येतो, तोही सप्टेंबरमध्ये. काही विषयांना लागू नाही, तेवढं तपासा. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत, पण त्यांना मुख्य अर्ज करता येतोच. मी डेव्हिसची हमी खिशात ठेवून बर्कली आणि एलएलाही अर्ज टाकले. बर्कलीने नाही म्हटलं, एलएने घेतलं.

सॅन होजेचे काका
वरचं सगळं यूसीपुरतं. प्रायव्हेटचं वेगळं, बरं का. स्टॅनफर्ड, यूएससी ट्रान्सफरवाल्यांकडूनही हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट मागतात. तिथे जायचं असेल तर अकरावीत काय झालं ते मुलाला स्वतःच्या शब्दांत लिहावं लागेल. आणि बाबांना आकडा दाखवा: कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्याला डीॲन्झात युनिटमागे ३१ डॉलर. आमच्याकडे या एका आकड्यावर वाद मिटला. (माझाच विरोध होता.)

फ्रीमाँटची आई
काल रात्री असिस्ट उघडलं. मुलगा आणि मी बसलो होतो, हे मागे उभे राहून वाचत होते. दहा मिनिटांनी खुर्ची ओढली. मग मुलाला विचारलं, "लिनिअर अल्जिब्रा कधी घेणार आहेस?" मे महिन्यापासून दोघांत जेवणाखाणापलीकडे बोलणं नव्हतं.

टू पॉइंट फोर, साडेसातचा कॅल्क्युलस अजून असतो का रे? हा मुलगा दहाशिवाय उठत नाही.

टू पॉइंट फोर
असतो, काकू. संध्याकाळचाही असतो, पण मी सांगितलं म्हणून सांगू नका.