सहकारी पंचाच्या निर्णयात केव्हा बोलावे?

प्रश्न : न्यू जर्सीत शाळकरी मुलांच्या बेसबॉल सामन्यांत मी हौसेने पंचगिरी करतो. आमच्याकडे दोनच पंच असतात. परवा मी प्लेटमागे (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या मागे) होतो. फर्स्ट बेसवर माझ्या सहकाऱ्याने धावपटूला आउट दिले, परंतु चेंडू घेताना क्षेत्ररक्षकाचा पाय (जो आउटसाठी बेसवर हवा) बेसवरून सुटल्याचे मला स्वच्छ दिसले होते. सहकाऱ्याने विचारले नाही, म्हणून मी गप्प राहिलो. सामन्यानंतर एका प्रशिक्षकाने त्याबद्दल मलाच जाब विचारला. मी स्वतःहून बोलायला हवे होते काय?

उत्तर १ : बेसबॉलच्या अधिकृत नियमावलीतील नियम ८.०२ याबाबत निःसंदिग्ध आहे. निर्णय देणाऱ्याने विचारल्याखेरीज दुसऱ्या पंचाने त्यावर टीका करू नये, तो फिरवू पाहू नये आणि त्यात हस्तक्षेपही करू नये. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) आर्मांडो गॅलारागाचा परफेक्ट गेम (प्रतिस्पर्ध्याच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देता जिंकलेला सामना) एका आउटवर आलेला असताना पंच जिम जॉइस यांनी फर्स्ट बेसवर फलंदाजाला सेफ ठरवले. ती चूक त्यांनी नंतर स्वतः मान्य केली, पण तो निर्णय त्यांचाच होता आणि तसाच राहिला.

उत्तर २ : वरील उदाहरण आपल्या प्रश्नाला लागू पडत नाही. धावपटूचा पाय आधी पडला की चेंडू आधी आला, हा जवळून पाहणाऱ्याचा अंदाज असतो आणि त्यात दुरून पाहणाऱ्याने पडू नये. याउलट बेसवरून सुटलेला पाय किंवा टॅगनंतर (धावपटूला चेंडूने स्पर्श केल्यावर) निसटलेला चेंडू ही माहिती असते, आणि ती कित्येकदा दुसऱ्याच कोनातून दिसते. ऑक्टोबर २००४ मध्ये यांकी स्टेडियमवर फलंदाज मार्क बेलहॉर्नचा फटका प्रेक्षकाला लागून मैदानात परतला, तेव्हा डाव्या सीमेवरच्या पंचाने चेंडू खेळात असल्याचे ठरवले होते. सर्व पंचांनी एकत्र येऊन तो होम रन (सीमेपार गेलेला फटका) दिला. गंमत म्हणजे तो पंचही जिम जॉइसच! क्रिकेटमध्ये स्क्वेअर लेगच्या पंचाला विचारण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, मग इथेच का वाटावा? मात्र मैदानभर ओरडून निर्णय बदलू नये. आपल्याकडे माहिती आहे, एवढेच नजरेने कळवावे, आणि बदल करायचाच तर तो मूळ पंचाने जाहीर करावा.

उत्तर ३ : यात एक व्यावहारिक अडचण जोडतो. आपल्या प्रसंगात आउटचे सेफ करणे सोपे होते, पण चेंडू फाउल (रेषेबाहेरचा) म्हणून पुकारला गेला की सगळे थांबतात, आणि नंतर तो फेअर (रेषेच्या आतला) ठरवल्यास धावपटूंना कोणत्या बेसवर ठेवायचे याचा वाद मूळ चुकीपेक्षा मोठा होतो. तिथे मी सहसा बोलणार नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सहकाऱ्याशी बोललो. ‘मला काही दिसले आहे’ यासाठी प्लेटमागच्या पंचाने छातीवर हात ठेवायचा, असे आम्ही शनिवारच्या सामन्यासाठी ठरवले आहे. विचारायचे की नाही, हे तो ठरवेल.