दरज, दर्जा आणि फरशी

प्रश्न : घराच्या दुरुस्तीसाठी गवंड्यांनी जे अंदाजपत्रक दिले आहे, त्यात 'फरशी बसवून दर्जा भरणे' अशी एक बाब असून तिला चौरस फुटामागे वेगळा दर लावला आहे. कामाचा दर्जा राखण्याचे वेगळे पैसे कसे काय, असे घरात सर्वांनाच वाटले. या 'दर्जा'चा अर्थ काय? शिवाय आम्ही साताऱ्याकडे जिला फरशी म्हणतो, तिला मुंबईचे आमचे नातेवाईक लादी म्हणतात. या दोन शब्दांत काही फरक आहे का?

उत्तर : तुमच्या अंदाजपत्रकातला 'दर्जा' हा गुणवत्तेचा दर्जा नव्हे. मूळ शब्द 'दरज' असा स्त्रीलिंगी आहे, त्याचे अनेकवचन 'दरजा', आणि घाईने उच्चारताना त्याचा 'दर्जा' होतो, तसाच तो कागदावरही उतरतो. दोन दगडांमधली, दोन विटांमधली किंवा दोन फरश्यांमधली फट म्हणजे दरज. हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ शिवण असा आहे, आणि शिंप्याला हिंदीत दर्जी म्हणतात तेही याच शब्दावरून. गुणवत्ता दाखवणारा 'दर्जा' मात्र पायरी या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेला आहे. दिसायला जुळे वाटणारे हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

दगडी बांधकामात दरजा चुन्याने भरत, पुढे सिमेंटने भरू लागले, आणि टाइल्सच्या कामात आता त्यासाठी ग्राउट वापरतात. हल्लीचे मिस्त्री 'जॉइंट भरणे' किंवा 'ग्राउट मारणे' असे म्हणतात. ग्राउट हा शब्द परका म्हणून टाकून द्यावा असे मला वाटत नाही, कारण तो भरायच्या मालाचे नाव आहे आणि दरज हे ज्या फटीत तो भरायचा तिचे नाव आहे. दोन वेगळ्या वस्तूंना दोन शब्द हवेतच. मात्र 'दरज' असताना 'जॉइंट' म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. 'सांधा'ही चालेल, पण सांधा नळाचा असतो, गुडघ्याचाही असतो, तर दरज म्हटले की बांधकामातली फटच डोळ्यांसमोर येते.

आता फरशी. फर्श म्हणजे पसरलेले, अंथरलेले. बिछायती घालणारा तो फरास, आणि पुण्यातल्या फरासखान्याचे नावही त्यातूनच आलेले आहे. मराठीत फरशी हे आधी अंथरलेल्या दगडी चिपेचे नाव झाले, जशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची शहाबादी फरशी, आणि मग सबंध जमिनीचे. म्हणूनच व्हिट्रिफाइड टाइल्स घातलेल्या घरातही आपण 'फरशी पुसून घे' असेच सांगतो. (कुऱ्हाडीच्या अर्थाची फरशी ही परशूपासून आलेली असून तिचा याच्याशी संबंध नाही.) लादी म्हणजे जाड, सपाट, चौकोनी तुकडा. पावाची लादी, बर्फाची लादी आणि जमिनीवरची लादी यांत आकार तोच आहे. थोडक्यात, लादी हा शब्द आकारावरून आला आणि फरशी हा अंथरण्यावरून. वस्तू एकच असून मुंबई-कोकणात एक शब्द रुळला, देशावर दुसरा.

तुम्ही विचारलेले नाही, तरी क्रियापदांबद्दल थोडे लिहितो, कारण खरी गंमत तिथे आहे. जमिनीवर फरशी 'बसवतात' किंवा 'घालतात', भिंतीवर टाइल्स 'लावतात'. बसवणे या शब्दात खाली मालाचा, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूचा, थर असणे, फरशी त्यावर टेकवून रबरी हातोडीने ठोकत पातळीत आणणे, हे सारे गृहीत आहे. आमच्या स्वयंपाकघराचे काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी प्रत्येक टाइलवर नाण्याने टिचकी मारून पाहिली. बाकीच्या खणखणीत वाजल्या, पण ओट्याखालची एक बद्द वाजली. ती उचलली, तेव्हा खाली चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे होते आणि मध्ये नुसती पोकळी. "ही बसलेलीच नाही, नुसती ठेवलेली आहे," असे ते म्हणाले. बसणे आणि ठेवलेले असणे यांतला फरक याहून नेमका मला कोणत्याही कोशात मिळाला नसता.

साध्या सिरॅमिक टाइल्स पाणी शोषतात, म्हणून मालावर लावण्याआधी त्या पाण्यात भिजत घालतात. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम ०.५ टक्क्यापर्यंत पाणी शोषते, त्यामुळे सिमेंटची तिच्यावरची पकड कच्ची राहते, आणि दातेरी थापीने अॅडेसिव्ह ओढून ती त्यावर दाबावी लागते. त्यामुळे 'चिकटवणे' हे तिसरे क्रियापद आता या कामात शिरले आहे, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे.

पुरवणी प्रश्न : आभारी आहे. त्याच कागदावर 'नहाणी ट्रॅप', 'गुण्यात घेणे' आणि 'डॅडो' असेही शब्द आहेत. शिवाय दरजेची बाब नीट कशी लिहून घ्यावी?

उत्तर : नहाणी म्हणजे आपली न्हाणीच. मोरीतले पाणी जाळीतून ज्या भांड्यात उतरते ते हे ट्रॅप, आणि फरशीचा ढाळ त्याच्याच दिशेने हवा. गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन. हा शब्द कोन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. खोली गुण्यात नसेल, तर भिंतीकडेची शेवटची ओळ तिरपी कापावी लागते. डॅडो म्हणजे भिंतीवर ठरावीक उंचीपर्यंत लावलेल्या टाइल्स, तेव्हा त्यापुढे उंचीचा आकडा अवश्य मागा.

दरजेची बाब अशी लिहून घ्या : 'फरशी पातळीत बसवणे. दरज २ मिलिमीटर ठेवून, दरजा साफ करून ग्राउटने भरणे.' दरज किती ठेवायची ते टाइलच्या आकारावर अवलंबून असल्याने तेवढा आकडा मिस्त्रींना विचारून घालावा.