प्रति: मदत फक्त बंदूकवाल्यांनाच?

युद्ध संपल्यावर येणारी परदेशी मदत आधी बंदूकवाल्यांच्या पदरात पडते आणि बायका-पोरं रांगेच्या शेवटी राहतात, असं वर कुणीतरी म्हटलंय. सिएरा लिओनपुरतं शंभर टक्के मान्य. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात युद्धानंतर लढणाऱ्यांची शस्त्रं काढून घेऊन त्यांना साध्या आयुष्यात परत आणायची योजना होती. तिच्यात नाव नोंदवायचं तर बंदूक जमा करा, आणि कित्येकदा ती खोलून पुन्हा जोडून दाखवा! बंडखोरांच्या तळावर वर्षानुवर्षं भात रांधणारी, ओझी वाहणारी, कमांडरची जबरदस्तीची 'बायको' झालेली पोरगी काय जोडून दाखवणार? लहान मुलांना कागदोपत्री ही अट नव्हती, तरी मुली फारशा पोचल्याच नाहीत.

पण शेजारच्या लायबेरियात लोक यातून थोडं शिकले, ते इथे कुणी लिहिलं नाही. 2003 च्या अखेरीस सुरू झालेल्या तिथल्या योजनेत बंदूक नसेल तर 150 काडतुसं चालायची, आणि टोळ्यांसोबत राहिलेल्या बायकांना, मुलांना रिकाम्या हातानेही घ्यायचे. एकूण लाखाच्या वर माणसं आली, त्यात सुमारे 22 हजार बायका. बंदुका मात्र 28 हजारांच्या आसपास. म्हणजे हौशे-नवशेही भरपूर घुसले असणार. असू देत, बंद दारापेक्षा मला ते परवडतं. खरी गोची पैशांची झाली. 300 डॉलरचा भत्ता दोन हप्त्यांत, तोही लहान मुलांच्यासुद्धा हातात रोख. पोरगं पैसे घेऊन बाहेर पडलं की जुना कमांडर हिस्सा मागायला हजर.